अंडी झेलायचा खेळ

ऐक रं भरमा, नुसतं ऐक. मधे बोललास तर माझा धागा तुटतो, मग परत पहिल्यापासनं सांगायला लागतंय.

वडगावात देवाप्पाच्या घरी दोन माग धडाधडा चाललेत, आणि त्याची पाच वर्षांची सुली सुताच्या रिकाम्या कांड्या बुट्टीत गोळा करत मागाखाली शिरलीय. देवाप्पानं वळून बघितलं तर तिच्या फ्रॉकचं टोक मोटारीच्या पट्ट्यानं धरलेलं, पोरगी मागं मागं ओढली जातेय आणि तिचं तोंड हे एवढं उघडं. त्यानं झेप घेऊन मोटारीचं बटण दाबलं, दुसऱ्या हातानं पोरीला खेचलं. फ्रॉक टर्रकन फाटला. निळा तुकडा पट्ट्यावर दोन फेरे फिरला आणि थांबला.

बायको मालुबाई चुलीपासनं धावत आली. "केवढी बोंबलली पोर! मला आत ऐकू आलं, आणि तुम्ही हाताच्या अंतरावर!"

"मागाचा आवाज न्हवं का," देवाप्पा म्हणाला.

आता गोम इथंच आहे बघ. देवाप्पाला ऐकूच येत नव्हतं. वीस वर्षं मागावर काढल्यावर कान कुठले राहणार? पण मागाच्या खोलीत तसं कुणीच कानानं ऐकत नाही. सगळे एकमेकांच्या ओठांकडं बघूनच बोलतात. त्यामुळं त्याचे कान कधी गेले ते कुणाला कळलं नाही, मालुबाईलासुद्धा नाही. समोरच्याचं तोंड दिसलं की त्याला सगळं समजायचं. तोंड फिरलं की तो मान हलवायचा आणि म्हणायचा, "व्हय व्हय." माग आणि सूत देणारा मालक बहिऱ्याच्या हाती माग ठेवत नाही ना. दोरा तुटला की मागाचा सूर बदलतो, तो ऐकू यायला पाहिजे. देवाप्पा ते मागाला पोट टेकवून ओळखायचा. आणि खरं सांगू? "व्हय व्हय" म्हटलं की दहातल्या नऊ वेळा भागतंय रं जगात.

त्या दिवशी मालुबाईचा भाऊ यल्लाप्पा आलता. तो निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला. फाटका फ्रॉक बघून तो म्हणाला, "दाजी, पोरीला एका जागी बसवायचं औषध हाय. आमच्या शेठच्या पोराकडं बघितलंय. तळहाताएवढा खेळ, जपानी. आत चित्रं पळत्यात. पोरगं जेवायलासुद्धा उठत न्हाय."

"मग आणाच," मालुबाई म्हणाली. "पोर मागापासनं लांब तरी राहील."

देवाप्पानं बिडी सोडली. दोन महिने तोंडात बिडी नाही, तेवढे पैसे गाठीला, आणि एका शनिवारी सायकल काढून तो थेट बेळगावच्या बाजारात जोतिबा घड्याळवाल्याकडं. जोतिबाकडं गोव्याहून माल यायचा. त्यानं काचेवर दोन खेळ मांडले. एकात माकड उड्या मारायचं. तो जरा जाड, पाठीमागं स्क्रू पिळलेला. दुसऱ्यात कोंबड्या वरनं अंडी टाकायच्या आणि खाली बुट्टी धरून झेलायची. चुकली की अंडं फुटलं.

"आवाज बघा, अण्णा, कसा गोड!" जोतिबानं बटण दाबलं.

"गोड हाय," देवाप्पा म्हणाला.

"पोरगी केवढी?"

"पाच सरलं."

मग जोतिबा खाली वाकला, खणात तोंड घालून सेल हुडकायला लागला, आणि तिथनंच बोलला. काय बोलला ते नंतर सगळ्या गावाला कळलं म्हणून मी तुला सांगतोय. "मग माकडवालाच न्या, अण्णा. अंडीवाल्याचं झाकण नखानं उघडतंय. आतला सेल शर्टाच्या बटणाएवढा. पोरं तोंडात घालत्यात."

देवाप्पाला दिसत होती त्याची पाठ. तो म्हणाला, "व्हय व्हय."

जोतिबानं मान वर काढली. "मग कुठला देऊ?"

हे दिसलं. "अंडीवाला. बुट्टी तिच्या वळखीची हाय."

जोतिबाला नवल वाटलं. पण बापच व्हय व्हय म्हणून तोच मागतोय म्हटल्यावर तो तरी काय करणार? त्यानं अंडीवाला बांधून दिला.

सुली खरंच एका जागी बसली रं! भिंतीला टेकून, पाय पसरून, नाक खेळाला लावून. मागाकडं ढुंकून बघेना. देवाप्पा काम करता करता तिच्याकडं बघायचा आणि त्याला वाटायचं, बरं झालं. दोन आठवड्यांनी चित्रं पुसट झाली. त्यानं नखानं झाकण उघडलं आणि जोतिबानं दिलेले नवे सेल बसवायला लागला.

"हे काय, आप्पा?"

"ही त्याची गोळी. ताप आला की तुला आई गोळी देती न्हवं? तसंच. ह्यो दमला की गोळी घेतोय आणि परत पळतोय."

असं बोलला बघ. सगळेच बाप बोलतात.

पुढच्याच आठवड्यात सुलीला ताप भरला. दुसऱ्या दिवशी माग चालू, मालुबाई नळावर. सुली आली आणि तिनं बापाचा सदरा ओढला. तो वाकला, तिच्या ओठांकडं बघितलं. ती म्हणत होती, "आप्पा, मीबी गोळी घेतली."

"शाणी गं माझी बाय," देवाप्पा म्हणाला आणि त्यानं धोट्यात नवी कांडी भरली.

दुपारी सुली पेज गिळेना. तोंडातनं लाळ गळायला लागली. मालुबाईनं अंथरूण झटकलं तर खेळ खाली पडला, झाकण उघडं, आणि दोन सेलांच्या जागी एकच. देवाप्पानं त्या रिकाम्या गोल खड्ड्याकडं बघितलं आणि पोरीला खांद्यावर टाकून तो दवाखान्याकडं पळाला.

दवाखान्यात फोटो काढला. गळ्याच्या खाली पांढरा गोल ठिपका, अगदी नीट दिसत होता. आत जळायच्या आधी काढायला पाहिजे, मोठे डॉक्टर येतायत, एवढं देवाप्पाला कळलं, कारण सांगणाऱ्याचं तोंड समोर होतं. मग नर्सबाई आली. तिच्या नाकातोंडावर पांढरं फडकं बांधलेलं. तिनं सुलीच्या तोंडाकडं बोट केलं, हात हलवला, बरंच काही सांगितलं. देवाप्पानं मान हलवली. "व्हय व्हय." ती गेली.

खोलीत दोघंच. सुलीचे ओठ हलले. "आप्पा, पाणी."

तांब्या उशालाच होता. त्यानं उचलला, वाकवला, आणि त्याचा हात थांबला. बाई तोंडाकडं बोट करून काय म्हणाली? पाणी पाज म्हणाली, का पाजू नको म्हणाली? सुलीनं परत ओठ हलवले. तो तांब्या घेऊन तसाच बाहेर आला.

बाहेर अंगणात, खबर कळून आलेल्या यल्लाप्पानं जोतिबाला दुकानातनं ओढत आणून त्याची कॉलर धरलेली. वडगावचे आठदहा विणकर भोवती, सूत देणारा मालकपण आलेला. नर्सबाई पायरीवर उभी, गप्प बसा म्हणून हात करत होती.

"सेलचं सांगितलंतं का तू दाजींना? बोल की!"

"आईशप्पथ सांगितलं! त्यांनी व्हय व्हय म्हटलं!"

मालुबाई पुढं घुसली. "खोटं बोलतोय मुडद्या! माझा नवरा ऐकून सवरून पोरीच्या हातात असलं काय देईल व्हय?"

यल्लाप्पाला देवाप्पा दिसला. "दाजी, तुम्हीच सांगा. ह्यानं सांगितलं का न्हाय?"

सगळी तोंडं देवाप्पाकडं वळली. यल्लाप्पाचं तोंड समोर असल्यामुळं त्याला शब्दन् शब्द कळला होता. नुसती मान आडवी हलवली असती तरी काम झालं असतं, जोतिबाचे दात तिथंच पडले असते.

तो पायरीशी गेला. नर्सबाईसमोर त्यानं तांब्या धरला. "बाई, मगाशी काय सांगितलासा? मला ऐकू येत न्हाय. लई वर्षं झाली, येत न्हाय."

शांतता काय त्याला ऐकू आली नाही. पण सगळ्यांचे ओठ थांबलेले त्यानं बघितले.

नर्सबाईनं फडकं हनुवटीखाली ओढलं आणि हळूहळू म्हणाली, "भूल द्यायचीय. पाण्याचा थेंब द्यायचा न्हाय. दिलं का काय?"

"न्हाय."

त्यानं तांब्या तिथंच मातीत रिकामा केला आणि आत गेला. यल्लाप्पाचा हात कॉलरवरनं कधी सुटला ते यल्लाप्पालाही कळलं नाही.

सुली वाचली. सेल निघाला, काळा पडलेला. गळा आतनं भाजलेला, महिनाभर पोरगी पेजेवर होती. माग मालकानं दुसऱ्याला दिले. आणि मालुबाई? बोलते की. जेवायला या म्हणते, सुली झोपली म्हणते, सगळं बोलते. पण चुलीकडं तोंड करून. तो वळसा घालून समोर गेला की ती भिंतीकडं वळते.

आता तू सांग, भरमा. पोरगी आत पाणी मागतेय, बायको तुझ्यासाठी गावाशी भांडतेय, आणि तुला नुसती मान हलवायचीय. तू असतास तर काय केलं असतंस रं?