विहिरीच्या पाळीचा दावा

कोर्टाच्या व्हरांड्यात चतुराबाईनं अर्जाचा कागद उलटसुलट करून पाहिला आणि वकिलांच्या हातात परत दिला.

"वाचून सांगा, तात्या."

त्रिंबक वकिलांनी चष्मा वर सरकवला. अर्ज तिच्या थोरल्या दिराचा, बद्रीनाथचा होता. नवरा वारल्यावर सामाईक विहिरीतली तिची पाळी त्यानं बंद केली, आणि तीन उन्हाळे सगळं पाणी कारखान्याच्या उसाला घातलं. म्हणून तिनं दावा लावला होता. आता दीर विचारत होता, ऊसतोडीला जाणारी बाई कोर्टाचा खर्च करते कुठून? लोकांच्या दाव्यांना पैसे पुरवून जमिनीत हिस्सा घेणारा बंकट आडत्या तिच्या मागं असणार. त्याला उजेडात आणा.

"असं इचारता येतं व्हय?"

"येतं. आपल्या राज्याचा तसा नियमच आहे." वकील सावकाश सांगू लागले. "पोरं गोट्या खेळतात बघ. एखादा भिंतीआड उभा राहून दुसऱ्याला गोट्या पुरवतो. जिंकला तर निम्म्या माझ्या म्हणतो, हरला तर हा नामानिराळा. कोर्ट म्हणतं, गोट्या पुरव बाबा, ना नाही. पण हिस्सा घेणार असशील तर रिंगणात ये. वादी म्हणून नाव लाव, आणि हरलास तर समोरच्याचा खर्च भरून देशील याचं तारण दे."

"अन् नाव न्हाई सांगितलं तर?"

"करार आहे, एवढं तू मला सांगितलंस. नाव नाही सांगितलंस. कोर्टानं विचारल्यावर मी खोटं बोलणार नाही, पोरी. मग नाव तुला सांगावंच लागेल."

चतुराबाईनं दारातून आत पाहिलं. बाकावर बद्रीनाथ बसला होता. शेजारी त्याची बायको भामाबाई, मांडीवर भाकरीचं फडकं.

"दावा काढून घ्या," चतुराबाई म्हणाली.

"अगं, पाळी जाईल कायमची."

"जाऊ द्या. तोडीला जाते तशी जाईन. कुणाचं घर मोडून मला पाणी नको."

पुकारा झाला. वकील उभे राहिले, फाईल उघडली. ते बोलणार तोच बाकावरून भामाबाई उठली. फडकं तिनं नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं.

"सायेब, ती बोलायची न्हाई. खर्च मी केलाय."

बद्रीनाथ हसला. "खाली बस. तुझ्याकडं कुठून आला पैसा?"

"म्हैस इकली त्याचा."

"तो तर तू भावाला दिला म्हणलीस."

"म्हणले. माझ्या माहेरची म्हैस. तीन उन्हाळे सांगत व्हते, म्हशीपुरतं पाणी ठिवा. तुमी उसाला घातलं. मग इकली, अन् पैसा चतुराला दिला. ती जिकली की तिच्या पाळीतला एक दिवस माझा. कागुद हाय."

न्यायाधीशांचं पेन थांबलं. "म्हणजे तुम्ही नवऱ्याविरुद्ध वादी व्हायला तयार आहात?"

"व्हते की."

"मग तारण द्यावं लागेल. प्रतिवादीचीच तशी मागणी आहे. तुमच्या नावावर काही आहे?"

भामाबाईनं जरा विचार केला.

"म्हैस व्हती."

मागं कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. बद्रीनाथ फडक्याची गाठ सोडत होता, पुन्हा बांधत होता. मग तो उठला.

"तिला जामीन मी ऱ्हातो."

त्याच्या वकिलानं त्याची बाही ओढली. "अहो, तारण आपण मागितलंय. आपल्या खर्चासाठी."

"मग? बायको माझी हाय. दुसरं कोण ऱ्हाईल?"

न्यायाधीशांनी तोंडावर हात धरला आणि जेवणानंतरची वेळ दिली. तोवर आपसात बोलून या, म्हणाले.

बाहेर लिंबाखाली तिघं बसली. थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी थेट बोलायचं नाही, अशी घरची रीत. इतकी वर्षं इकडचा निरोप तिकडं भामाबाईच पोचवत आली होती. बद्रीनाथनं भाकरी मोडली आणि बायकोला म्हणाला,

"इचार तिला, पाण्याला कोणता वार पायजे."

भामाबाईनं चटणी त्याच्यापुढं सरकवली.

"मी आता वादी हाय. तुमीच इचारा."

चतुराबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. बद्रीनाथनं दोनदा घसा खाकरला.