सर्वांत वर ठेवलेल्या सपाता

मला चाके नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण हल्ली मुले सूटकेस दिसली की पहिल्यांदा चाके शोधतात. मित्रांनो, मी एक जुनी सूटकेस आहे. दाबून कडक केलेल्या पुठ्ठ्याची, तपकिरी, कोपऱ्यांना पत्रा ठोकलेली. मला दोन खटके आहेत आणि त्यांतला डावा हट्टी आहे. माझी गोष्ट कुणी मुद्दाम बसून ऐकावी एवढी मोठी आहे का, याची मलाच खात्री नाही. काही सूटकेसा देशोदेशी फिरतात आणि त्यांच्या अंगावर बंदरांची नि हॉटेलांची रंगीत लेबले असतात. माझ्या अंगावर एकही लेबल नाही. तरी सांगून पाहते. कंटाळा आला तर मला मिटून ठेवा. मिटून राहायची मला सवय आहे.

माझा जन्म ब्रनो शहरातल्या एका कारखान्यात झाला. माझ्या आतले निळ्या चौकटींचे अस्तर एका बाईने बोटांनी दाबत दाबत चिकटवले. ती चिकटवताना गुणगुणत असे. तिचे नाव मला कधी कळले नाही, पण अस्तर अजून सुटलेले नाही. पुढे मी स्टेशनाजवळच्या एका दुकानाच्या काचेत उभी होते. तिथून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांच्या शिट्ट्या ऐकू येत आणि प्रत्येक शिट्टीला मला वाटे, आता माझी पाळी.

मला विकत घेतले ते लुबोरने. तो शहरातली ट्राम चालवत असे. त्याचे ब्लाझेनाशी नुकतेच लग्न झाले होते आणि १९६९ सालच्या त्या शरदात तिला तीन दिवस व्हिएन्नाला न्यायचे त्याने कबूल केले होते. व्हिएन्ना आमच्यापासून लांब नाही. पावाचे पीठ मळून झाकून ठेवावे आणि ते फुगेपर्यंत गाडीने तिथे पोचावे, एवढेच अंतर. पण मध्ये दोन देशांची सरहद्द होती, आणि ती ओलांडायला सरकारचा परवाना लागे. लुबोरने खेटे घालून तो मिळवला. “तुला तिथल्या आकाशपाळण्यात बसवतो,” तो तिला म्हणायचा, “आणि वरून आपलं घर दाखवतो.”

ब्लाझेनाने मला भरले. कपडे, एक टॉवेल, आणि कपड्यांच्या खाली, नीट कागदात गुंडाळून, नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, सपातांचे दोन जोड. एक तिचा, एक त्याचा. तिच्या आईने लग्नात दिलेले. आमच्याकडे बूट घालून कुणी घरात वावरत नाही. पाहुणा आला तर त्यालाही दारात सपाता देतात. जिथे झोपायचे तिथे आपल्या सपाता हव्यातच, मग ते घर असो की हॉटेल.

सरहद्दीवरच्या स्टेशनात गाडी थांबली आणि गणवेशातला एक माणूस डब्यात चढला. त्याने आम्हाला खाली उतरवले. फलाटावरच्या बाकावर मला ठेवून त्याने माझे दोन्ही खटके उघडले. एकेक कपडा बाजूला काढत तो तळाशी पोचला आणि त्याच्या हाताला तो कागद लागला.

“तीन दिवसांसाठी सपाता?” त्याने विचारले. “सपाता माणूस राहायला नेतो, बाई. फिरायला नेत नाही.”

“माझे पाय गार पडतात,” ब्लाझेना म्हणाली. पण हे ती इतक्या हळू म्हणाली की बहुधा मलाच ऐकू गेले.

त्या माणसाने चारही सपाता फलाटावर ओळीने मांडल्या. गाडीच्या खिडक्यांतून लोक बघत होते. त्याच्याही घरी दारामागे सपाता असणार, असे माझ्या मनात आले. पण सूटकेसला कोण विचारतो? गाडी आमच्याशिवाय निघून गेली.

लुबोरला पुढे कळले की सगळ्यांचेच परवाने आदल्या रात्री रद्द झाले होते आणि त्या दिवशी कुणीच पलीकडे जाऊ शकले नव्हते. त्याने हे ब्लाझेनाला पुन्हा पुन्हा सांगितले. ती मान डोलवायची. मनातून मात्र तिला पक्के ठाऊक होते की व्हिएन्ना गेली ती आपल्या सपातांमुळे.

त्यानंतरची माझी वर्षे कामात गेली, आणि ती वाईट होती असे मी म्हणणार नाही. माझ्यातून बागेतली सफरचंदे आली. त्यांचा मुलगा लहान असताना एका उन्हाळ्यात माझ्या उघड्या झाकणाला टेकून झोपायचा. तो सैन्यात गेला तेव्हा मी त्याच्याबरोबर गेले आणि साबणाचा वास घेऊन परत आले. शेजारीण म्हणायची, “अशी सूटकेस आता होत नाही.” ऐकून बरे वाटे. पुढे नाताळाचे काचेचे गोळे माझ्यात ठेवू लागले आणि मी वर्षातून एकदाच उघडू लागले. एक दिवस राज्य बदलले आणि सरहद्दीवरची काटेरी तार कापली गेली. सगळी गल्ली व्हिएन्नाला जाऊन आली, केळी घेऊन, रेडिओ घेऊन. ब्लाझेना म्हणाली, “पुढच्या वेळी.” पुढची वेळ आली की तेव्हाही तेच म्हणायची. हळूहळू काचेच्या गोळ्यांसाठी प्लास्टिकचा डबा आला आणि मी तळघरात गेले, बटाट्यांच्या पोत्याशेजारी.

तिथे मी किती काळ होते ते मला सांगता येणार नाही. अंधारात वर्षे एकसारखीच दिसतात. एका सप्टेंबरात दिवा लागला आणि लुबोर जिना उतरून आला. तो खूप म्हातारा झाला होता. माझ्यावरची धूळ त्याने बाहीने पुसली, मला उचलले आणि प्रत्येक पायरीवर थांबत वर स्वयंपाकघरात नेले.

तिथे बेत चालला होता. त्यांची नात आदेला फोन घेऊन टेबलापाशी बसली होती. ब्लाझेना मुरंब्यासाठी आलुबुखाऱ्यांच्या बिया काढत होती आणि तिची बोटे जांभळी झाली होती.

“शुक्रवारी सकाळी निघायचं, रविवारी संध्याकाळी घरी,” आदेला म्हणत होती. “आजोबा, हॉटेल कुठलं बघू?”

“स्टेशनाजवळचं,” लुबोर मला दाराशी टेकवत म्हणाला. “माझे गुडघे हल्ली मला विचारून चालत नाहीत.”

“रविवारी तिथे दुकानं बंद असतात हं.”

“उत्तम. आपलं काही अडत नाही.”

“मी येते असं कोण म्हणालं?” ब्लाझेनाने खाली मान घालूनच विचारले. “मुरंबा कोण ढवळणार? गच्चीतल्या टोमॅटोंना पाणी कोण घालणार?”

“मी घालेन ना, आजी.”

“तू? तुझ्या घरी निवडुंगसुद्धा जगला नाही.”

“त्याला मी जास्त पाणी घातलं होतं. बरं, तिथे काय काय खाता येईल ते तरी ऐक. ते ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळलेले मांसाचे काप तिथले जगप्रसिद्ध आहेत.”

“माझे त्यांनी खाल्ले नाहीत म्हणून.”

लुबोर हसला. मग ब्लाझेनाने मान वर केली आणि तिला मी दिसले. तिच्या हातातली सुरी थांबली.

“तिला कशाला आणलंस वर?”

आदेलाने विचारले, “का, काय झालं?” मग ब्लाझेनाने पुन्हा बिया काढायला घेतल्या आणि काढता काढता सगळे सांगितले: फलाट, बाक, कागदाची गुंडाळी, खिडक्यांतले चेहरे. आवाज चढवला नाही की डोळे पुसले नाहीत. वाण्याकडे काय मिळाले नाही ते सांगावे, तसे सांगितले.

“पण परवाने रद्दच झाले होते ना?” आदेला म्हणाली. “आजोबा तर म्हणतात...”

“तुझे आजोबा चांगले आहेत. मला बरं वाटावं म्हणून जन्मात एकच खोटं शिकले, आणि तेच घासून घासून वापरतात.”

“ते खोटं नाही, ब्लाझा.”

आदेलाने फोनवर शोधले आणि वाचून दाखवले. परवाने खरोखरच आदल्या रात्री रद्द झाले होते. ब्लाझेनाने ऐकून घेतले. “फोनमध्ये काहीही लिहितात,” ती म्हणाली. “तसं असतं तर त्यानं सपाता कशाला मांडून ठेवल्या असत्या?”

चुलीवरच्या पातेल्यात मुरंबा रटरटत होता. लुबोर आदेलाला म्हणाला, “राहू दे. तिकीट काढू नकोस. एकट्याने पाळण्यात बसून मी काय करू?” तो उठला आणि त्याने माझी मूठ धरली. पुन्हा जिना, पुन्हा बटाटे. मित्रांनो, मला वाईट वाटले, पण आश्चर्य वाटले नाही. माझ्यासारखीने फार आशा धरू नये, असे मी स्वतःला समजावलेच होते.

दारापर्यंत पोचलो आणि मागून ब्लाझेनाचा आवाज आला.

“ठेव तिला.”

लुबोर थांबला.

“उन्हात ठेव आधी. कुबट वास येतोय.”

आदेलाने काही विचारायला तोंड उघडले, पण लुबोरने तिच्याकडे बघून भुवई उडवली आणि तिने गच्चीचे दार उघडले. दोन दिवस मी गच्चीत टोमॅटोंशेजारी उघडी पडून राहिले. अस्तराला ऊन लागले. उजव्या खटक्याला तेल मिळाले, आणि डाव्याला तेल देऊनही फरक पडला नाही. आदेलाने आपली चाकांची बॅग आणून दाखवली. एका बोटाने ढकलली की चालते म्हणाली.

“हीच येईल,” ब्लाझेना माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली. “अर्ध्यातून परत आलीय ती.”

निघायच्या दिवशी तिने मला एकटीने भरले. कपडे, टॉवेल, औषधे. सगळ्यांवर, कागदात न गुंडाळता, सपातांचे दोन जोड. लुबोर दारातून बघत होता.

“कपड्यांखाली ठेव की. उघडल्या उघडल्या त्याच दिसतील.”

“दिसू देत,” ती म्हणाली आणि तिने माझे झाकण लावले.

गाडीत तिने मला वरच्या फळीवर ठेवू दिले नाही. मांडीवर घेतले. हातात पासपोर्ट धरला. आदेलाने नुसते ओळखपत्र पुरते म्हणून सांगितले होते, तरी तिने नवा पासपोर्ट काढून घेतलाच होता. गाडी सुटल्यावर लुबोरने कापांचा डबा बाहेर काढला. आमच्याकडे कुणी घरचे तळलेले काप आणि पाव घेतल्याशिवाय गाडीत चढत नाही, मग ती गाडी व्हिएन्नाला का जाईना.

“अजून नाही,” ब्लाझेना म्हणाली. “आधी तो येऊन जाऊ दे.”

“कोणी येत नाही आता, ब्लाझा.”

“येऊन जाऊ दे म्हटलं ना.”

लुबोरने डबा बंद केला.

सरहद्दीवरचे स्टेशन आले. फलाट नवा होता, बाक नवे होते. ब्लाझेना ताठ बसली आणि तिने दोन्ही अंगठे माझ्या खटक्यांवर ठेवले. कुणी चढले, कुणी उतरले, एका मुलीने सायकल आत घेतली. मग गाडी हलली. द्राक्षांचे मळे गेले, मग पवनचक्क्या. पलीकडच्या भाषेतल्या पाट्या दिसू लागल्या. ब्लाझेनाचे अंगठे जागचे हलले नाहीत.

डब्याचे दार सरकले आणि गणवेशातला एक तरुण आत आला. तो काही बोलायच्या आतच ब्लाझेनाने माझे खटके दाबले. उजवा उघडला. डावा अडला. तिने त्यावर मूठ मारली आणि माझे झाकण उघडले.

“हो, सपाता आहेत,” ती म्हणाली. या वेळी सगळ्या डब्याला ऐकू गेले. “दोन जोड. दोन रात्री राहणार आहोत आणि मग आमच्या घरी जाणार आहोत. माझे पाय गार पडतात.”

तो तरुण पलीकडचा होता. आमची भाषा त्याला तोडकीमोडकी येत होती. त्याने सपातांकडे पाहिले, ब्लाझेनाकडे पाहिले, मग आपल्या काळ्या बुटांकडे पाहिले.

“छान आहेत,” तो म्हणाला. “उबदार. मला फक्त तिकीट पाहिजे, आजी.”

लुबोरने तिकीट दाखवले. तो मान लववून पुढच्या माणसाकडे गेला.

“एवढंच?” ब्लाझेनाने विचारले.

“एवढंच.”

एवढी वर्षे तिने तयार ठेवलेले उत्तर देऊन झाले होते, आणि तो प्रश्न विचारणारा कुणी उरलाच नव्हता. मग ती म्हणाली, “त्या दिवशी कोणीच गेलं नव्हतं म्हणतोस?”

“कोणीच नाही.”

“बरं,” ती म्हणाली. “काढ तो डबा.”

दोघांनी माझ्या झाकणाचे टेबल केले आणि त्यावर काप, पाव नि खारवलेल्या काकड्या खाल्ल्या. तेलाचा एक डाग माझ्यावर पडला, तो अजून आहे. माझ्या अंगावरचे ते एकमेव लेबल.

आकाशपाळणा मी पाहिला नाही. मी हॉटेलच्या खोलीत होते. परत आल्यावर लुबोर म्हणाला, “तुला वरून घर दाखवायचं राहिलं. ढग होते.” ब्लाझेना म्हणाली, “ढग कसले? तू सगळा वेळ डोळे मिटून बसला होतास.” मग तिने बूट काढले आणि पलंगापाशी ठेवलेल्या सपाता पायांत घातल्या.

मित्रांनो, आता मी तळघरात नाही, कपाटावर असते. सपाता माझ्यातच ठेवलेल्या आहेत, कारण लुबोरच्या डोक्यात आता बुडापेस्टचा बेत घोळतो आहे. तुमच्याही घरी माळ्यावर किंवा पलंगाखाली माझ्यासारखी एखादी पडलेली असेल. तिला टाकायच्या आधी ती कुणाची होती ते घरातल्या मोठ्यांना विचारा. ती कुठपर्यंत गेली होती आणि कुठून परत आली, तेही विचारा. ते लगेच सांगणार नाहीत. तोवर तिला थोडे ऊन दाखवा. आणि उघडताना डाव्या खटक्यावर एकदम जोर लावू नका. तो हट्टी असतो, पण उघडतो.