नव्वद बिंदूंचा पाय

३१२
एवढे बिंदू मी दत्ताराम परबांच्या पायावरून टिपले. पाय म्हणजे गुडघ्याखाली उरलेला वीतभर. लाकडी कड्यातून सरकणाऱ्या बोथट सुया कातडीला टेकवायच्या, पट्टीवरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. चार भेटी लागल्या.

"गार लागता गो."

"काका, हलू नका."

"हलान खंय जातलंय? पाय तर तुझ्याकडे हा."

९०
अंधेरीच्या आमच्या कृत्रिम पायांच्या कारखान्यातल्या संगणकाला एवढ्याच बिंदूंचा साचा झेपतो. बाकीचे गाळायचे. कुठले, ते गणित ठरवतं. एक बिंदू काढून बघायचा. उरलेले त्रिकोणांनी जोडले तर आकार मूळ मापापासून किती सरकला? ज्याच्या जाण्याने सगळ्यात कमी सरकला, तो जातो. मग पुढचा.

०
एका रविवारी मी कांदिवलीच्या मेसमध्ये जेवायला गेले नाही. सोमवारी कुणी विचारलंही नाही.

१
ही तारीख. एक डिसेंबरपासून मुलुंडच्या एका सोसायटीत दत्तारामांना वॉचमनची नोकरी. गिरणी सुटल्यावरची पहिलीच. सेक्रेटरीने कुबड्या बघितल्या आणि म्हणाला, "पाय घेऊन या, मग चावी."

०.८
सरासरी चूक, मिलिमीटरमध्ये. "झकास!" कारखान्याचे प्रमुख चंद्रप्रकाश सर म्हणाले. साचा कोरला, त्यावर उरलेला पाय आत बसेल अशी प्लास्टिकची खोळ ओतली. दत्तारामांनी घातली.

"दुखता."

"कुठे?"

"हंय." नडगीचं टोक.

मी तिथल्या बिंदूंना दहापट वजन दिलं. इथे चूक चालणार नाही, असं गणिताला सांगायची ती रीत. नवी खोळ.

"आता हंय." बाहेरची बाजू.

पुन्हा वजन. पुन्हा खोळ.

"आता मागे."

चूक कागदावर कमी होत होती आणि दुखणं फिरत होतं. त्यांचं कुणी नव्हतं. त्यांच्या पत्नी सुगंधाकाकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. गोवंडीहून दोन बस बदलून ते यायचे, तासभर आधी यायचे, चहा पुरवून प्यायचे. मी ठरवून टाकलं.

"काका, खरं सांगा. दुखतं, की इथे बसायला बरं वाटतं?"

त्यांनी कुबड्या ओढून घेतल्या.

"बसाक कोणाक बरा वाटता, ता माका ठाव नाय. माका दुखता."

 ते मात्र गेले नाहीत. विजार वर करून दाखवली. कातडीवर, उरलेल्या पायावर चढवायच्या मोज्याचा खोल वळ.

"सकाळी ह्यो नसता. दिसभर पाय लोंबता, फुगता. सकाळचो पाय नि सांजचो पाय एक नाय गो बाय."

"आधी का नाही सांगितलंत?"

"कोणी इचारूक नाय."

वही उघडली. तारखा होत्या, वेळ नव्हती. दोन भेटी सकाळच्या, दोन संध्याकाळच्या, हे त्यांनाच आठवलं. मी दोन पाय एकत्र ओतून त्यांचा मधला काढला होता. तसा पाय जगात कुणालाच नव्हता.

२९, रविवार
कारखान्यात आम्ही दोघंच. नऊ ते सहा, तासातासाला माप. दुपारी त्यांनी डबा उघडला, भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. अर्धी भाकरी माझ्यापुढे.

"वाकडी हा. सुगंधाची गोल व्हायची. घाल तुझ्या गणितात."

हसले मी. किती दिवसांनी, ते मोजलं नाही.

सहाच्या मापाचे बिंदू ठेवले. बाकी सगळे पुसले. खोळ संध्याकाळच्या पायाची. सकाळी सैल होईल तेव्हा आत सुती मोजे चढवायचे, संध्याकाळपर्यंत एकेक काढायचे. गणितात हे बसत नव्हतं, मोज्यात बसलं.

३०
सोमवारी संध्याकाळी दत्ताराम नवा पाय घालून उभे राहिले. कुबड्या भिंतीला. मी वाट बघत होते.

"बोला ना काका. कुठे?"

त्यांनी वजन टाकलं. उजवीकडे, डावीकडे. परत उजवीकडे.

"खंय नाय."

मग एक चक्कर. मग दारापर्यंत. "उद्या सातची पाळी," म्हणाले आणि जिन्याकडे वळले. मी पुढे होऊन हात दिला.

त्यांनी कठडा धरला.