दुर्वाचा दुसरा कान

दुर्वाचे कान टोचायचं ठरलं तेव्हा कोमलने सासूला एकच अट घातली होती. पोरीला रडू द्यायचं. एक कान झाला की तिला विचारायचं, दुसरा टोचायचा का, आणि ती नाही म्हणाली तर गुपचूप उठून घरी यायचं. गुणाबाईने लगेच मान डोलावली. आयुष्यभर मासळी बाजारात घासाघीस केलेली बाई इतक्या झटकन कबूल होते म्हटल्यावर कोमलच्या मनात पाल चुकचुकली होती. पण सणासुदीला घरात भांडण नको म्हणून तिने तो विषय तिथेच सोडला.

आणि आता पनवेलच्या बाजारात, सोनाराच्या दुकानात, गुणाबाई नातीच्या कानाशी लागून सांगत होती, "रडायचं नाय हां. माझी दुर्वा गुणी हाय ना? रडली नायस तर जिलेबी."

कोमलने दात आवळले. गव्हाणहून निघाल्यापासून तिसऱ्यांदा ती हे ऐकत होती.

दुर्वा मामाच्या मांडीवर बसली होती. कान टोचताना पोर मामाच्याच मांडीवर हवी, म्हणून कोमलचा भाऊ मितेश कामावर खाडा करून, नवा शर्ट घालून आला होता. पाच वर्षांची झाली तरी नातीचे कान बुचे, यावरून गावातल्या बायकांनी गुणाबाईला कमी टोमणे मारले नव्हते. खरं तर त्यांच्या घरात बारशालाच कान टोचतात. पण बारशाच्या दिवशी दुर्वा काचेच्या पेटीत होती. दिवस भरायच्या कितीतरी आधी आलेली, मोठ्या पापलेटाएवढी पोर. तिचे कान कोण टोचणार होतं?

कान राहिले, पण टोचायचं काही राहिलं नाही. त्या हॉस्पिटलात दुर्वाच्या टाचेतून सकाळ-संध्याकाळ रक्त काढायचे. साखर बघायला टोच, कावीळ बघायला टोच, जंतू आहेत का बघायला पुन्हा टोच. सलाइनची सुई एका हातातून निघाली की दुसऱ्या हातात. नाकातल्या नळीची पट्टी सोलून काढताना कातडीसुद्धा निघायची. हे सगळं गरजेचं होतं, त्याच्यामुळेच पोर जगली, हे कोमलने कधी नाकारलं नाही. तिचा राग त्याच्यावर नव्हताच.

राग होता तो दाराबाहेर बसवल्याचा. टोचायची वेळ झाली की सिस्टर म्हणायची, "आई, तुम्ही बाहेर बसा, तुम्हाला बघवणार नाही." आणि आई बाहेर बसायची, काढून आणलेल्या दुधाची वाटी हातात धरून, दाराच्या काचेतून बघत. सुरुवातीला दुर्वा कपाळाला आठ्या घालायची, मुठी आवळायची, मांजराच्या पिल्लासारखी बारीक रडायची. मग हळूहळू तेही थांबलं. टाचेत सुई गेली की डोळे उघडे, नजर छताला, हातपाय ढिले. सिस्टर कौतुकाने म्हणाली होती, "किती गुणी झालीय बघा. हल्ली रडतसुद्धा नाही."

गुणाबाईने ते वाक्य उचललं आणि गावभर केलं. त्याला कारण होतं. गुणाबाईच्या घराण्यात रडणं म्हणजे नाक कापल्यासारखं. ती स्वतः तरुण असताना मासळी कापताना शिंगाळ्याचा काटा अंगठ्यात आरपार घुसला होता. हात कोपरापर्यंत सुजला, पण बाई बाजार उठेपर्यंत पाटीवरून हलली नव्हती. तो अंगठा अजून वाकत नाही, आणि ही गोष्ट ती दागिना दाखवावा तशी सांगते. नात आपल्यावर गेली, याचा तिला कोण आनंद. दुर्वा पडली आणि रडली नाही, की जिलेबी. लसीच्या सुईला रडली नाही, की जिलेबी. पोर कसली शहाणी, ती लगेच शिकली.

मागच्या थंडीत खाडीच्या काठाला खेळताना दुर्वाच्या पायात कालवाची शिंप घुसली. ती तशीच घरी आली. संध्याकाळी शेजारच्या हळदीत डीजेपुढे नाचली. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर कोमल मोजा काढायला गेली तर मोजा निघेना, रक्ताने चिकटलेला. पाय टम्म सुजून गरम झाला होता. "अगं, सांगितलं का नाहीस?" असं विचारलं तर दुर्वा खांदे उडवून म्हणाली, "मी रडले नाय."

त्या जखमेच्या निमित्ताने खारघरच्या बालविकासाच्या डॉक्टरबाईंकडे जाणं झालं. बाईंनी दुर्वाला खेळायला सोडलं, टाचांवरचे बारीक पांढरे ठिपके बघितले, टाचेला हात लावताच पोर कशी ताठ होते तेही बघितलं आणि पेटीतल्या दिवसांबद्दल विचारलं. मग त्या म्हणाल्या, "एवढ्याशा बाळांना दुखतं. आपल्यापेक्षा जास्तच दुखतं. त्यांना पुढे ते आठवत नाही, पण अंगात कुठेतरी राहतं. काही मुलं मोठी झाल्यावर साध्या स्पर्शालाही दचकतात. काही दुखलं तरी सांगत नाहीत. काहींना काहीच होत नाही. रडून रडून थकलेलं बाळ गप्प होतं, पण त्याचं दुखणं थांबलेलं नसतं."

"मग तेव्हा काय करायला हवं होतं?" कोमलने विचारलं.

"टोचताना आईने छातीशी धरायचं. ते जमत नसेल तर जिभेवर तिच्याच दुधाचे दोन थेंब द्यायचे. त्यानेसुद्धा बराच फरक पडतो."

कोमलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुधाची वाटी तिच्या हातातच होती की. दाराच्या अलीकडे ती वाटी आणि पलीकडे पोर, आणि मध्ये एक बाई म्हणत होती, तुम्हाला बघवणार नाही. कोणाला बघवत नव्हतं? जिला सहन करावं लागत होतं तिला कोणी विचारलं होतं का?

डॉक्टरबाईंनी जाताना सांगितलं, "अजून वेळ गेलेली नाही. दुखलं म्हणाली की ऐका. आणि न रडल्याचं कौतुक बंद करा." कोमलने घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. गुणाबाईने नाक मुरडलं. "एक डाक्टर सांगतो टोच, दुसरा सांगतो रडव. यांच्या नादी लागलं तर पोर रडकी होईल."

सोनाराने शाईने दोन्ही कानांवर ठिपके काढले. म्हातारा सराईत होता. त्याने सोन्याची बारीक तार घेतली, कानाची पाळी चिमटीत धरली आणि एका झटक्यात तार आरपार घातली.

दुर्वाने हूं की चूं केलं नाही. तिची नजर वरच्या पंख्याला लागली. मामाच्या शर्टाचं बटण धरलेला हात सुटून मांडीवर पडला.

"वा," सोनार म्हणाला. "इतकी गुणी पोर नाही बघितली. हल्ली रडतात हो पोरं, दुकान डोक्यावर घेतात."

गुणाबाईचं तोंड खुललं. "नात कोणाची हाय," ती म्हणाली आणि जिलेबीची पुडी काढायला पिशवीत हात घातला.

फक्त मितेशच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. पोर त्याच्या अंगावर होती, त्याला कळलं. "ताई," तो हळूच म्हणाला, "हिचं अंग बघ. सगळं ढिलं पडलंय. श्वास धरून बसलीय ही."

"मग बरंच आहे की, हलणार नाही," असं म्हणत सोनाराने दुसरी तार उचलली आणि दुसऱ्या कानाकडे हात नेला. कोमलने त्याचं मनगट पकडलं.

"हात सोडा, ताई. तार लागेल."

"तिला विचारल्याशिवाय टोचायचं नाही."

"पोरांना काय विचारायचं? त्यांना काय कळतंय?"

"कळतं," कोमल म्हणाली. तिचा आवाज इतका चढला की बाहेरचा भाजीवाला वाकून बघायला लागला. "पेटीत होती तेवापण कळत होतं. तुमा सगळ्यांना सोयीचं हाय म्हणून तिला कळत नाय. ती गप्प बसली की तुमचं काम लवकर होतं, म्हणून ती गुणी."

सोनाराने तार खाली ठेवली. गुणाबाई मात्र पेटली. "आवाज खाली कर. एका कानात सोनं आन दुसरा बुचा, अशी पोर गावात न्यायची काय? लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत."

"अगं, एक टोच राहिला. दुखलंसुद्धा नाय तिला."

कोमल दुर्वासमोर गुडघ्यांवर बसली. तिला भीती वाटत होती ती ह्याचीच. कानाचं काय, कान कधीतरी टोचले जातील. पण आज जर ही पोर जिलेबी घेऊन घरी गेली, तर उद्या कोणी काहीही केलं तरी ती अशीच वर बघत पडून राहील, आणि कोणाला पत्ता लागणार नाही. "दुर्वा," ती म्हणाली, "कान दुखला?"

दुर्वाने श्वास सोडला. आजीकडे बघितलं, मग पुडीकडे. "नाय. मी गुणी हाय."

कोमल उठली आणि सासूकडे वळली. "आई, तुमच्या अंगठ्यात काटा घुसला तेवा तुमी रडला नाय."

"नाय रडले. सगळ्या बाजाराने बघितलंय."

"म्हणून दुखलं नाय काय?"

गुणाबाई काहीतरी ताडकन बोलणार होती. पण दुर्वा तिच्याकडेच बघत होती, एका कानात चकाकती तार, पाळीवर रक्ताचा थेंब, आणि उत्तराची वाट बघणारे डोळे. गुणाबाईने आपल्या न वाकणाऱ्या अंगठ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कोणी केला नव्हता. नवऱ्याने केला नव्हता, सासूने केला नव्हता, शेजारच्या पाटीवाल्या बायकांनी तर नुसती वाहवा केली होती.

"दुखलं," ती नातीला म्हणाली. "लय दुखलं, बाय. जीव जातो की काय असं झालं. घरी जाऊन तोंडात पदर कोंबला. कोणी इचारलंच नाय."

दुर्वाने कानाला बोट लावलं, बोटावरचं रक्त बघितलं आणि तिचा खालचा ओठ थरथरला.

"आजी, मला पण दुखलं."

"कुठं?"

"इथं. खूप." आणि तिने तोंड उघडलं. रडणं शिकायचंच राहिलेल्या पोरीचं रडणं ते, त्याला सूर नव्हता, ताल नव्हता, नुसता आवाज होता. ती मामाच्या मांडीवरून घसरून कोमलच्या गळ्यात पडली आणि पाय झाडत ओरडत राहिली. कोमलने तिला छातीशी घट्ट धरलं आणि गप्प हो असं एकदाही म्हटलं नाही. मितेश तोंड फिरवून शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता.

दुकानापुढे माणसं जमली. दुसरं गिऱ्हाईक उठून गेलं. सोनार वैतागला. "मावशी, गप्प करा तिला. लोक काय म्हणतील, मी काय केलं पोरीला?"

गुणाबाईने दुसरी तार उचलली, रुमालाच्या टोकात बांधली आणि कमरेला खोचली. जिलेबीची पुडी तिने काउंटरवरच राहू दिली. मग ती दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली, मासळी बाजारात उभी राहते तशी, कमरेवर हात ठेवून. बघ्यांतल्या एका बाईने विचारलं, "काय झालं हो, एवढी का रडतेय?"

"दुखतंय तिला," गुणाबाई म्हणाली. "सरका, वारा येऊ दे."