याला तेल लावू नका

मित्रांनो, मी एक जुने, पाऊण मापाचे व्हायोलिन आहे. ज्यांचे हात अजून वाढायचे आहेत अशा मुलांसाठी मला बनवले गेले. आम्हा लहान व्हायोलिनांचे एक दुःख असते. मूल कुठे बरे वाजवू लागते, तोवर त्याचे हात लांब होतात, ते मोठ्या व्हायोलिनकडे जाते आणि आमची रवानगी पुन्हा कपाटात होते.

माझा जन्म दोन भावांच्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे एक खोली, दोन खिडक्या आणि लाकूड चिकटवायच्या सरसाचा वास. थोरल्याने माझी पाठ कोरली, धाकट्याने मान. मान कोरताना धाकट्याचे लक्ष थोरल्याशी भांडण्यात होते, त्यामुळे ती जरा बारीकच उतरली. लहान मुलांच्या मुठीत मात्र ती बरोबर बसते. त्या भांडणाचे मी मनापासून आभार मानतो.

तिथून मला एका शिक्षिकेने घेतले. तिला सगळे नुसते ‘बाई’ म्हणत. बाई घरीच एकेका मुलाला व्हायोलिन शिकवत. त्यांचा एक नियम होता. नव्या मुलाला त्या मला तीन महिन्यांसाठी घरी देत. तीन महिन्यांनी, ठरलेल्या दिवशी, त्याने एक छोटी धून न अडखळता वाजवून दाखवायची. जमले तर मी त्याच्याकडेच राहायचो, नाहीतर यादीतल्या पुढच्या मुलाकडे जायचो. धून ऐकताना बाई मुलाकडे पाठ करून खिडकीपाशी उभ्या राहत. म्हणत, “बोटं बघितली की डोळे आपल्याला फसवतात. मला फक्त कान पुरेत.”

मित्रांनो, मी बरीच घरे पाहिली. एका घरी धून जमल्यावर मी दीड वर्ष कपाटाच्या माथ्यावर पडून होतो. खिडकीतल्या उन्हाने माझ्या बरगडीचा, म्हणजे कडेच्या पट्टीचा, सांधा उकलला, तरी कुणाला पत्ता नव्हता. एका घरी पाहुणे आले की मला बाहेर काढत, पाहुणे गेले की आत. तिथे माझे कौतुक फार झाले, पण वाजवले कुणी नाही. वाजवल्याशिवाय आम्हाला बोलता येत नाही, हे माणसे विसरतात.

मग भिंगरी आली. वय नऊ, एका जागी दोन मिनिटे थांबेल तर शपथ. तिचे बाबा शिलाई मशीन दुरुस्त करायचे. घरी तान्हे भावंड झोपलेले असे, म्हणून भिंगरी सरावाला बाबांच्या दुकानात यायची. तिथे मशीनच्या रांगेत, सुट्या चाकांच्या आणि पट्ट्यांच्या पसाऱ्यात, ती एका उलट्या खोक्यावर उभी राहून वाजवायची. मशीनच्या जुन्या पायांपासून बाबांनी तिला वह्या ठेवायला एक स्टँड करून दिले होते. ते जरा डुगडुगायचे, पण त्यासारखे स्टँड मी पुन्हा पाहिले नाही.

गिऱ्हाईक बोलत असले की भिंगरी गज बाजूला ठेवायची आणि तीच धून बोटांनी तारा छेडून हळूच वाजवायची. ना गिऱ्हाइकाला त्रास, ना सरावात खंड. गज म्हणजे ती लांब काठी, जिला घोड्याचे केस ताणून बसवलेले असतात. तो तारांवर ओढला की आम्ही गातो. निदान गायला हवे. सुरुवातीला आम्ही किंचाळतोच.

एकदा एक गिऱ्हाईक कानावर हात ठेवून म्हणाले, “काय हो, कुठलं मशीन एवढं कुरकुरतंय?”

बाबा हसले, पण ते त्यांच्या मनाला लागले. आयुष्यभर ते एकच गोष्ट शिकले होते. जे कुरकुरते त्याला तेल हवे. लेक तर जीव तोडून मेहनत करते आहे, मग खोट वस्तूतच असणार.

ठरलेला दिवस उजाडला. भिंगरी केस विंचरत होती. बाबांनी माझी पेटी उघडली, खिशातून आपल्या सर्वांत बारीक तेलाची कुपी काढली आणि गजाच्या केसांना टोकापासून टोकापर्यंत तेल लावले. मग चारही तारांना. अगदी बेताने, फडक्याने पुसून पुसून, मन लावून. इतक्या मायेने मला तोवर कुणीच हात लावला नव्हता. आणि मी मनातल्या मनात ओरडत होतो की अहो, नका, नका! गजाच्या केसांना आम्ही राळेचा खडा घासतो, तो केसांनी तारेला धरावे म्हणून. तेल लागले की केस नुसते घसरतात. आवाज येणार कुठून?

बाईंच्या खोलीत बाबा दाराशी बसले. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. भिंगरीने मला हनुवटीखाली धरले आणि गज ओढला.

काहीच नाही. नुसती सळसळ. तिने पुन्हा ओढला, जोर लावला. पुन्हा तेच. तिने गज उलटसुलट करून पाहिला.

बाई वळल्या. त्यांनी गज हातात घेतला, नाकाशी नेला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “तेल? कुणी लावलं हे?”

भिंगरीला काही कळेना. दाराशी बाबा उभे राहिले. “मी लावलं, बाई. कुरकुरत होतं, म्हटलं जरा मऊ चालेल. चूक माझी आहे, पोरीची नाही. तिचा दिवस वाया घालवू नका.”

बाईंनी आपला गज पुढे केला, पण माझ्या तारांवरून बोट फिरवून लगेच मागे घेतला. “तारांनाही लावलंय. यावर कुठलाच गज चालायचा नाही. आणि दिवस तर आजचाच ठरला होता.”

बाबांची मान खाली गेली. मला वाटले, संपले. आता पुढचे घर, पुन्हा एखादे कपाट.

तेवढ्यात भिंगरीने डोळे पुसले. “बाई, तुम्ही तिकडे तोंड करा ना,” ती म्हणाली. बाईंना उलट बोलायची कुणाची छाती नव्हती. पण त्या वळल्या. भिंगरीने बोटांनी तारा छेडायला सुरुवात केली, दुकानात छेडायची तशीच. छेडायला राळ लागत नाही आणि तेल आडवे येत नाही. धून हळू होती, लहान होती, पण प्रत्येक सूर आपल्या जागी होता. एकदाही ती अडखळली नाही. मित्रांनो, मला इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

बाई वळल्या. मग म्हणाल्या, “सूर धरणारा डावा हात पक्का आहे. व्हायोलिन तुझ्याकडेच राहील.” आणि बाबांना म्हणाल्या, “तुम्ही मात्र रविवारी या. या गजाचे केस बदलावे लागतील. हात बारीक कामाचे आहेत तुमचे, शिकून घ्या.”

बाबा शिकले. पुढे बाईंकडच्या सगळ्या गजांचे केस तेच बदलू लागले. बाईंनी सांगितले तशी त्यांनी माझी उकललेली बरगडीही सरस लावून बसवली. भिंगरीने मला साडेतीन वर्षे वाजवले. मग तिचेही हात लांब झाले. मला परत देताना ती माझ्या पेटीवर डोके टेकवून रडली, आणि मलाही फार वाईट वाटले.

आता मी नव्या मुलाची वाट पाहत बाईंच्या कपाटात आहे. माझ्या पेटीला बाबांच्या अक्षरातली एक चिठ्ठी बांधली आहे. ‘याला तेल लावू नका. मी लावलं होतं.’ मुलांनो, आमच्यावर माया जरूर करा. आम्हाला उन्हात टाकू नका, शोभेला ठेवू नका, आणि काही करावेसे वाटले तर आधी जाणत्याला विचारा. पण चुकलात तर त्या बाबांसारखे उभे राहून सांगा.

दर रविवारी ते येतात, गजांचे काम उरकतात आणि जाण्याआधी माझी पेटी उघडतात. गजाला राळ घासून एकच सूर ओढतात, कारण त्यांना तेवढाच येतो. मी कर्कश किंचाळतो. मग ते समाधानाने मान हलवतात आणि म्हणतात, “कुरकुरतंय ना? मग ठीक आहे.”