दातखीळचा कीबोर्ड

मी एक जुना कीबोर्ड आहे. माझ्या अंगावर एकशे चार बटणं होती, आता एक्क्याण्णव उरली आहेत. बाकीची तेरा कुठे गेली, हे सांगण्यासाठीच मी आज तोंड उघडतो आहे. मित्रांनो, माझी गोष्ट मारझोडीची आहे. ज्यांना रक्ताच्या नुसत्या नावाने भोवळ येते, त्यांनी आधीच घोटभर पाणी पिऊन घ्यावं.

मारझोड माझ्या जन्मापासूनच सुरू झाली. तापलेलं प्लास्टिक साच्यात दाबून मला घडवलं आणि अंग निवतंय न निवतंय तोच लोखंडी बोटांच्या एका यंत्राखाली ठेवलं. त्या यंत्राने माझं एकेक बटण हजार हजार वेळा बडवलं. माझ्या शेजारचा चारशेव्या ठोक्याला मोडला, त्याला उचलून भंगारात फेकलं. मी टिकलो म्हणून मला खोक्यात घातलं. 'चांगला दणकट आहे,' असं तिथला तपासनीस म्हणाला. आयुष्यात मला मिळालेलं ते पहिलं कौतुक.

मला विकत घेतलं ते एका कवळ्या बनवणाऱ्या कारागिराने. दातांचे डॉक्टर रुग्णांच्या हिरड्यांचे ठसे त्याच्याकडे पाठवत. तो ठशांत प्लास्टर ओतून जबडे करी, जबड्यांवर कवळ्या बसवी आणि कानशीने घासून दातांना आकार देई. त्याची मोठी बहीण, ताई, नवरा गेल्यावर भावाकडे राहायला आली होती. ती फिरत्या चाकावर कवळ्यांना चकाकी आणायची आणि स्कूटरवरून दवाखान्यांत पोचवायची. खोलीत फळ्यांवर पांढऱ्या जबड्यांच्या रांगा होत्या. मधोमध कामाचं मोठं टेबल, त्याखाली प्लास्टरची पोती, आणि टेबलावर मी.

ओतलेलं प्लास्टर घट्ट व्हायला वीस मिनिटं लागतात. त्या वीस मिनिटांत माझा मालक दुसराच कोणी व्हायचा. इंटरनेटवर एक फोरम होता. तंत्रज्ञानाच्या बातम्या तिथे यायच्या, कुठल्या कंपनीने कोणाची माहिती विकली, कुठे नवा कायदा आला, कुठे इंटरनेट बंद पाडलं, आणि त्याखाली लोक एकमेकांचे कपडे फाडायचे. खरं नाव कोणीच लावत नसे. माझ्या मालकाचं तिथलं नाव होतं 'दातखीळ'.

आणि काय सांगू मित्रांनो, या दातखीळची जीभ म्हणजे वस्तरा! एका खात्याने परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून अख्ख्या शहराचं इंटरनेट बंद केलं, तेव्हा त्याने लिहिलं, 'उवा झाल्या म्हणून मुंडकं उडवणारा न्हावी आज प्रथमच पाहिला.' एका कंपनीने साठ पानांच्या अटी जाहीर केल्या, तेव्हा लिहिलं, 'या अटी पूर्ण वाचणारा एकच माणूस सापडला. तोही शुद्धीवर आला की काय वाचलं ते सांगणार आहे.' लोक लोटपोट व्हायचे. तो मात्र हसत नसे. दात आवळून, प्लास्टरने माखलेल्या बोटांनी मला बडवत राही. राग अनावर झाला की मला मुठीने ठोकी, आणि एकदा तर त्याने मला भिंतीवर भिरकावलं. तेव्हा ताई चाकावरून ओरडली, "अरे धाकट्या, कायदा करणारे बसलेत तिकडे लांब, आणि मार खातोय हा बिचारा!"

ताई कधी टाइप करत नसे, पण ऐकायला ती पहिली. तो लिहिलेलं वाचून दाखवी आणि ती चाक न थांबवता म्हणे, "अजून लागलं नाही. जरा खालून मार." पुष्कळदा शेवटचा टोला तिचाच असे.

त्या फोरमची एक रीत होती. मूर्ख नियम निघाला की ते लोक त्याच्याशी वाद घालत नसत. तो शब्दशः पाळत, इतका की नियमाचं हसं व्हावं. याला ते 'अंमलबजावणी' म्हणत. हानिकारक मजकूर चोवीस तासांत काढून टाका, असा फतवा निघाला तेव्हा त्यांनी 'पाणी कसं उकळावं' ही माहिती हानिकारक ठरवली, कारण हात भाजतो. मग तासातासाला मोजणी केली आणि चोविसाव्या तासाला श्रद्धांजली वाहून ती काढून टाकली. मीच ती श्रद्धांजली टाइप केली होती. खरं सांगतो, तेव्हा मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

पुढे कुलुपांची बातमी आली. एका कंपनीने फोनवरून उघडणारी कुलुपं घरोघर बसवली होती. एका सकाळी कंपनीची यंत्रणा ठप्प झाली. हजारो माणसं स्वतःच्याच दाराबाहेर ताटकळली, आणि दुपारी कंपनीने कळवलं की सेवा हवी असेल तर यापुढे दरमहा वर्गणी भरा. दातखीळने मुठी वळल्या आणि मला झोडपत लिहिलं, 'मालक बाहेर, सामान आत आणि किल्ली तिसऱ्याच्याच खिशात. आमच्या लहानपणी याला घरफोडी म्हणत.' चाकावरून ताई ओरडली, "पुढे लिही, दिसला कुलूपवाला की धरा घरफोड्याला!" त्याने तेही लिहिलं.

ही ओळ वणव्यासारखी पसरली. फोरम सोडून ती फोनाफोनांत गेली. कंपनीच्या मोठ्या साहेबाला तिचा ओरखडाही उठला नाही. पण दारोदार जाऊन, गुडघ्यावर बसून, भोकं पाडून कुलुपं बसवणारी साधी माणसं होती, त्यांना लोक 'घरफोड्या' म्हणू लागले. आधी हसून म्हणत, मग दात खाऊन म्हणू लागले. एका इमारतीत एक कुलूपवाला काम करत असताना चार जणांनी त्याला धरलं. त्याचा उजवा हात चौकटीत घातला आणि वरून दार आपटलं. दोनदा. तीन बोटं गेली.

ही बातमीसुद्धा त्याच फोरमवर आली. मालकाने ती वाचली. त्याची बोटं माझ्यावर टेकून राहिली, पण एकही बटण दाबलं गेलं नाही. वीस मिनिटं उलटून गेली, प्लास्टर दगड झालं, तरी तो तसाच बसून होता. ताई म्हणाली, "त्या माणसाला शोधून भेटायला हवं रे." तो म्हणाला, "हो, बघू." बघू म्हणजे नाही, हे ताईला ठाऊक होतं आणि मलाही.

त्यानंतर आठच दिवसांनी नवा नियम निघाला. इंटरनेटवर मत मांडणाऱ्या प्रत्येकाने मताखाली आपला खरा पत्ता लिहावा! फोरमवर अंमलबजावणीला उधाण आलं. कोणी लिहिलं, 'वारुळाच्या डावीकडे, तिसरं बीळ.' कोणी लिहिलं, 'साहेबांच्या खुर्चीखाली.' दोनशे माणसांनी दोनशे थापा मारल्या. माझ्या मालकाला एवढ्याने समाधान होईना. नियम शब्दशः पाळायचा तर पत्ता खराच हवा, आणि दोनशे थापांच्या ढिगात एक खरा पत्ता कोणाला ओळखू येणार? या कल्पनेवर तो स्वतःशीच खूश झाला. त्याने घर, गल्ली, मजला सगळं खरंखुरं लिहिलं आणि ताईला वाचूनही दाखवलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण बोटं त्याची असली तरी बटणं माझी होती. मी अडू शकलो असतो. तोवर शंभरदा अडलो होतो, त्या दिवशी मात्र लोण्यासारखा चाललो.

तीन दिवसांनी, भर दुपारी, जिन्यात पावलं वाजली. मालकाने खिडकीतून वाकून पाहिलं. तीन माणसं होती, एकाच्या हातात ड्रिल, एकाच्या हातात हातोडा, आणि पुढच्याचा उजवा हात फडक्यात गुंडाळलेला. दारोदार फिरणाऱ्यांना त्या ढिगातला खरा पत्ता बरोबर ओळखू आला होता. मालकाचा चेहरा प्लास्टरपेक्षा पांढरा पडला. तो ताईला काही बोलला नाही. सरळ टेबलाखाली शिरला आणि पोत्यांमागे जाऊन बसला. ताईने दाराला कडी घातली होती. पण कुलूपवाल्यांना दार उघडायला कितीसा वेळ लागणार? बिजागऱ्यांचे स्क्रू गळून पडले आणि दार आडवं झालं.

"दातखीळ कोण?" हात गुंडाळलेल्याने विचारलं.

ताईने चाक बंद केलं. टेबलाखाली तिची नजर गेली, मग तिने ती वर उचलली. "मीच," ती म्हणाली.

"तू? बाई?"

"का? बाईला टोमणे मारता येत नाहीत?"

त्याने फडकं सोडलं आणि तो हात तिच्या तोंडासमोर धरला. ताईने मान फिरवली नाही. "फार वाईट झालं बाबा. ती ओळ माझी होती, खोटं नाही सांगत. बस. पाणी देते," ती म्हणाली. तो क्षणभर थबकला. तो खरोखर बसला असता, असं मला अजूनही वाटतं. पण हातोडेवाल्याने तेवढ्यात पहिल्या फळीवर घाव घातला. जबडे फुटले, दात खोलीभर उडाले. दुसरी फळी, मग तिसरी. प्लास्टरचा धुरळा उठला आणि ते तिघेही पेटले.

"बसायला नाही आलो! माफी लिही," तो ओरडला. "जिथे ती ओळ लिहिलीस तिथेच लिही. आत्ता. माझ्यासमोर."

त्याने ताईला खुर्चीत ढकललं आणि मला तिच्यापुढे सरकवलं. मित्रांनो, ताईने जन्मात माझ्यावर बोट ठेवलं नव्हतं. 'माफी'तला म कुठे आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. तिचं बोट माझ्या अंगावरून फिरू लागलं, या ओळीवरून त्या ओळीवर. एकदा तर ते म वरूनच पुढे गेलं. मी ओरडून सांगितलं असतं, इथे, ताई, इथे! पण मला कुठला आवाज? त्या माणसाने तिच्या बोटाकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे.

"हिला अक्षरं सापडत नाहीत," तो हळू म्हणाला. "खरा कुठाय?"

ताईचा पाय टेबलाखाली मालकाच्या गुडघ्याला लागत होता. तिने तो काढून घेतला.

"खरा कुठाय, सांग!"

"मीच म्हटलं ना," ताई म्हणाली.

त्याने मला डाव्या हातात उचललं. वायर तटकन तुटली. पहिला तडाखा तिच्या कानावर बसला, दुसरा दंडावर, तिसरा थेट तोंडावर. माझी कडा तिच्या ओठात घुसली आणि आत काहीतरी मोडल्याचं मला कळलं. माझी बटणं उडाली, तिचे दात पडले. जमिनीवर आधीच इतके दात विखुरले होते, की त्यात तिचे कुठले ते ओळखू येईना. ती खुर्चीवरून कोसळली, तरी टेबलाकडे तिने पाहिलं नाही. चौथ्या तडाख्याला हातोडेवाल्यानेच त्याचा हात धरला. "अरे, मरेल ती!" तो म्हणाला, आणि तिघेही पळाले.

टेबलाखालचा माणूस पावलांचा आवाज पार विरेपर्यंत बाहेर आला नाही.

पोलिसांनी मला पिशवीत भरलं आणि वर चिठ्ठी चिकटवली. चौकीच्या कपाटात मी सात महिने पडून होतो. तिथला हवालदार फोनवर तो फोरम वाचायचा आणि सहकाऱ्याला सांगायचा. फोरमवर हल्ल्याचा जोरदार निषेध झाला म्हणे. सगळ्यांनी आपलं नाव बदलून 'दातखीळ' ठेवलं. निषेधातही चांगले चांगले टोले होते, हवालदार खूप हसला. मला त्यातला एकही आवडला नाही. मला एकच प्रश्न पडला होता. त्या खोलीत आणखी एक माणूस होता, हे कोणी सांगणार आहे की नाही?

खटला उभा राहिला. मला टेबलावर मांडलं. कुलूपवाला डाव्या हाताने डोळे पुसत उभा होता. त्याचा वकील म्हणाला, बाई घाबरून पडल्या, कीबोर्ड त्यांच्या अंगावर पडला, मारताना पाहिलं कोणी? ताई नव्या दातांनी अडखळत बोलत होती. भावाने तिला कवळी करून दिली होती. "घरात आणखी कोण होतं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"कोणी नव्हतं. मी एकटीच."

मालक शेवटच्या बाकावर होता. तो उठला. जीभ वस्तऱ्यासारखी चालवणाऱ्या त्या माणसाला दोन शब्द जुळवता येईनात.

"साहेब, ताई खोटं बोलतेय," तो म्हणाला. "मी होतो. टेबलाखाली. मी सगळं पाहिलं."

"खाली बस, धाकट्या," ताई म्हणाली.

तो बसला नाही. "दातखीळ मी आहे. पत्ता मीच लिहिला होता. आणि याच्या हाताचं जे झालं, ते माझ्या ओळीमुळे झालं. तेही लिहून घ्या."

"इतके महिने का गप्प राहिलात?"

"लाज वाटली."

कोणी हसलं नाही. ताईने पदर तोंडाला लावला आणि ती हमसून हमसून रडू लागली. मार खाताना ती रडली नव्हती.

निकाल अजून लागायचा आहे, मित्रांनो. लिहिताना जरा पाहा, तुमची ओळ ज्याच्यावर रागावली आहे त्याच्याच दारात जाते आहे, की वाटेत भलत्याच कोणाचा हात चेंगरते आहे. म्हातारी वस्तू म्हणून एवढं सांगायचा मला हक्क आहे. आणि एक विनंती. दुसऱ्या जुन्या वस्तू तुम्हाला म्हणतील, आम्हाला जपा, आमच्या अंगावरची धूळ झटका, आम्हाला स्वच्छ ठेवा. माझ्या फटींत ताईचं रक्त सुकून बसलं आहे. वकील म्हणतो, तो गंज आहे. मला पुसू नका.