पंधरावी तक्रार

तपासनीस बाईंनी नोंदवहीतल्या ओळीवर पट्टी ठेवली, दुसऱ्या हाताने फाइल उघडली आणि आकडा जुळताच पेन्सिलीने बारीकसे टिंब दिले. पट्टी एक ओळ खाली सरकली.

"वीस तक्रारी, चौदा निकाली," त्या म्हणाल्या. "बाकीच्या केंद्रांत निम्म्यासुद्धा निघत नाहीत. तुम्ही नक्की करता तरी काय?"

"विशेष काही नाही," सिस्टर म्हणाल्या. "पुढच्या फायली बघा. कळेल तुम्हाला."

सिस्टरना रुग्णालयातून निवृत्त होऊन अकरा वर्षे झाली होती. पण त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारलेली कुणाला आठवत नव्हती. वाचनालयाच्या मागच्या दोन खोल्यांत त्या हे केंद्र चालवत. दर सोमवारी म्हातारी माणसे आरोग्य योजनेकडून आलेली पत्रके पिशवीत घालून येत. कुणीतरी शेजारी बसून ते पत्रक त्यांच्याबरोबर ओळीओळीने वाची. कधी गेलात या डॉक्टरकडे? झाली होती ही तपासणी? जे घडलेच नाही ते एखाद्याच्या नावावर लागलेले दिसले, की तक्रार लिहिली जाई. किती जण आले, किती तक्रारी झाल्या, किती निकाली निघाल्या, हे आकडे दर सहा महिन्यांनी गोळा करून वर पाठवणे हे तपासनीस बाईंचे काम होते. या वेळी वरून नवा हुकूम आला होता. ज्या केंद्राच्या तीनचतुर्थांश तक्रारी निकाली नाहीत, ते केंद्र बंद. म्हणजे इथे विसांतल्या पंधरा हव्या होत्या. एक कमी पडत होती.

दार अर्धवट उघडे होते. बाहेरच्या खोलीतून पत्रके वाचून दाखवणाऱ्या टेलरकाकांचा आवाज आला.

"आजी, या कागदाप्रमाणे तुमचा डावा गुडघा नवा बसवलाय. उठा बघू, जरा चालून दाखवा."

"मेल्यांनी खरंच बसवला असता तर जिने चढून आले असते की! लेकीच्या खांद्याला लोंबकळत आलेय मी."

"मग लिहू तक्रार?"

"लिही बाबा. आणि असंही लिही, की गुडघा ज्याला दिला असेल त्याच्याकडनं काढून आणून द्या."

बाहेर हशा पिकला. तपासनीस बाईंच्या ओठांवरही हसू उमटले. पण ते तसेच राहिले, कारण तोवर त्यांनी सहावी फाइल उघडली होती. शेवटच्या पानाला एक चिठ्ठी टाचलेली होती. सुनेने लिहिलेली. मामंजी आता नाहीत, तरी या बाबतीत पुन्हा फोन करू नये. सातव्या फायलीत मृत्यूचा दाखला. आठवीत नुसती सिस्टरच्या अक्षरातली तारीख, आणि पुढे 'झोपेत'.

त्यांनी टिंबे देणे थांबवले आणि उरलेल्या फायलींची शेवटची पानेच उलटली.

"नऊ," त्या म्हणाल्या.

"नऊ. पाच जणांना खरंच उत्तर मिळालं. उरलेल्यांनी वाट बघता बघता निकाल लावून टाकला आपापला."

"पण सिस्टर, हे निकालीत कसं धरलंत?"

"मी कुठं धरलं? तुमच्या फॉर्मावर चौकोन दोनच. प्रलंबित, निकाली. आणि मागं बारीक अक्षरात सूचना आहे. तक्रारदार हयात नसल्यास प्रकरण निकाली समजावे."

तपासनीस बाईंना ती सूचना वाचायची गरज नव्हती. ती त्यांनीच लिहिली होती. दोन वर्षांपूर्वी जुना सात पानी फॉर्म रद्द करून त्यांनी एका पानाचा, टपोऱ्या अक्षरांचा नवा केला, तेव्हा साहेबांनी भर बैठकीत तो उंच धरून दाखवला होता. सत्तरीच्या स्वयंसेवकांना चार-चार पर्यायांत गोंधळ होतो, म्हणून दोनच चौकोन. आणि माणूस गेल्यावर घरच्यांना कार्यालयातून फोन जाऊ नयेत, म्हणून ती सूचना. लिहिताना त्यांना त्यात माणुसकीच वाटली होती.

त्यांनी पट्टी उचलून टेबलाच्या कडेशी समांतर ठेवली.

"खरा हिशोब धरला तर पाचच होतात," त्या हळूच म्हणाल्या.

"धरा की. चौदा धरलेत तरी कुलूप, पाच धरलेत तरी कुलूप. एकदा नाक कापलं, मग थोडं कापलं की पुष्कळ, काय फरक पडतो?" सिस्टरनी खुर्ची ओढली. "मला फक्त महिनाभर आधी सांगा. चाळीस-चाळीस माणसं येतात सोमवारची. दारावरून परत पाठवताना तोंड तरी कसं दाखवू?"

तपासनीस बाईंनी प्रलंबित सहांचा गठ्ठा पुढे ओढला. एखादी सुटलेली नोंद, एखादे उशिरा पोचलेले उत्तर. असे कधी कधी असते. पहिल्या पाचांत काही नव्हते. सहावी फाइल सगळ्यांत जाड होती.

तक्रारदार टेलरकाकांची बायको. तिच्या नावावर योजनेने घरी वापरायचे प्राणवायूचे यंत्र दिल्याची नोंद होती. तेव्हा ती ठणठणीत होती. पोचपावतीवर सही होती, पण तिची नव्हती. टेलरकाकांनी आपल्या मापाच्या वहीतले त्या तारखेचे पान जोडले होते. दिवसभरात घरी आलेली माणसे दोनच. एक पँट अल्टर करायला, एक ब्लाउजच्या बाह्यांसाठी. पुढे वर्षभराने तिची छाती खरोखरच भरून येऊ लागली आणि यंत्र मागितले, तेव्हा योजनेचे उत्तर आले: एका रुग्णास एकच यंत्र देय आहे, व ते आपणांस यापूर्वीच देण्यात आले आहे.

त्याखाली मृत्यूचा दाखला होता. चार महिन्यांपूर्वीचा.

तपासनीस बाईंनी तारीख पुन्हा पाहिली.

"सिस्टर, ही प्रलंबितमध्ये कशी?"

सिस्टरनी उठून दार लोटले. बाहेरचा आवाज बारीक झाला.

"ती तिथंच राहू दे."

"तक्रारदार हयात नाही."

"माहीत आहे मला. उशाशी मीच होते. तीन आठवडे खिडकीशी बसवून पाठ चोळत होतो दोघं आलटून पालटून. दुसरं होतंच काय हातात?"

"मग नियमाने ही निकाली. म्हणजे पंधरा झाल्या, सिस्टर. पंधरा!" आपला आवाज वर गेल्याचे त्यांच्या ध्यानात आले. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला वजाबाकी येते, बाई."

"आणि तरी तुम्ही केंद्र बंद होऊ देणार होतात?"

सिस्टरनी फायलीतून बाहेर डोकावणारे मापाच्या वहीचे पान बोटाने आत सारले.

"टेलरकाकांना मी सांगितलेलंच नाही," त्या म्हणाल्या. "तक्रारदार गेला की तक्रारही जाते, हे. वहिनी गेल्यानंतर पुढच्याच सोमवारी आले. म्हणाले, घरी मशीन चालवलं की आवाज मोठा वाटतो, इथं काही काम द्या. तेव्हापासून सगळ्यांची पत्रकं तेच वाचतात. कापडाचा डोळा आहे त्यांचा, टाका कुठं चुकला ते लगेच दिसतं. या सहा महिन्यांतल्या निम्म्या तक्रारी त्यांनी पकडल्यात. आणि दर सोमवारी जाताना माझ्या दारात उभे राहतात. आलं का काही वरून? मी म्हणते, अजून नाही. खोटं नाही ना त्यात? नाहीच आलं."

"पण चाळीस माणसं, सिस्टर."

"म्हणून तर म्हणते, माझ्या हातानं नको. तुम्हाला अधिकार आहे. तुम्ही लिहा."

बाहेर कुणीतरी खोकले. गुडघ्याच्या आजी कुणाला तरी बजावत होत्या, "तू पण आण रे तुझा कागद. तुझं काळीजबिळीज बदललं नसेल ना, बघून घे." तपासनीस बाईंनी दाराच्या फटीतून पाहिले. भिंतीलगतच्या खुर्च्या भरल्या होत्या. काही जण पिशव्या मांडीवर घेऊन उभे होते. टेलरकाका मधल्या टेबलाशी वाकून भिंग ओळीवरून सरकवत होते. त्यांच्या खांद्यावर मोजपट्टी होती, इथे मोजण्यासारखे काही नसताना.

फॉर्मच्या तळाशी शेरा लिहायला दोन ओळी होत्या. नऊ तक्रारदारांचे निधन, त्यांनी पेन्सिलीने लिहून पाहिले. मग साहेबांचा चेहरा आठवला. ते हे वाचतील, मान डोलावतील आणि म्हणतील, मग पाचच म्हणा ना. त्यांनी शेरा खोडरबराने पुसला, कागदावरचा चुरा तळहाताने झाडला आणि पेनचे टोपण काढले. शेवटच्या फायलीपुढच्या 'प्रलंबित'वर आडवी रेघ मारून शेजारच्या चौकोनात खूण केली. बेरजेच्या जागी चौदा होते, तिथे पंधरा केले. दोन्ही ठिकाणी सही केली.

सिस्टर भिंतीकडे पाहत होत्या.

"पुढच्या वेळेपर्यंत मी तिसरा चौकोन घालून घेते फॉर्मात," तपासनीस बाई म्हणाल्या. "नक्की घालते."

"घाला हं," सिस्टर म्हणाल्या. चहा घ्या, असे म्हणावे तशा आवाजात.

निकाली निघालेल्या फायली कार्यालयात जमा करायच्या असत. तपासनीस बाईंनी पंधरा फायली दोरीने बांधल्या, छातीशी धरल्या आणि खुर्च्यांच्या रांगेतून वाट काढत दाराकडे निघाल्या. जाड फाइल गठ्ठ्यात सगळ्यांत वर आली होती. ती खाली घालायला हवी होती हे त्यांना टेबल ओलांडताना सुचले.

टेलरकाकांनी भिंग खाली ठेवले.

"ही आमची ना, मॅडम?"

"हो, काका."

"नेताय? म्हणजे इथलं काम संपलं तिचं?"

मागे दारात सिस्टर येऊन उभ्या राहिल्याचे तपासनीस बाईंना न वळताही कळले.

"संपलं," त्या म्हणाल्या.

टेलरकाका सावकाश उठले. "एक मिनिट हं आजी, तुमचा गुडघा कुठं पळून जात नाही," ते म्हणाले. पण हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला आणि गळ्याशी सुटलेली गुंडी लावून घेतली, जणू आता कुणासमोर तरी नीट उभे राहायचे होते.

"सांगा, मॅडम," ते म्हणाले. "सही कुणाची होती?"